यल्लव्वांच्या खिडकीची चौकट

यल्लव्वा आणि मी एकाच नळावर घागरी भरत असू. आमची ओळख तेथलीच. प्रौढ वर्गाच्या बाईंनी आपल्या गल्लीतील एखाद्या माणसाविषयी लिहावयास सांगितले, तेव्हा मला प्रथम त्याच आठवल्या.

नवऱ्याच्या पश्चात यल्लव्वांनी घराच्या खिडकीत बसून चुरमुरे-फुटाणे विकले आणि मुलगा बाळासो याला वाढविले. पुढे अर्धांगवायूने उजवी बाजू गेली. तेव्हापासून त्यांची बाज त्याच खिडकीखाली असे. खोलीला दुसरी खिडकी नव्हती. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या जड जिभेने अडवीत, "काय वं पावणं, तोंड पाडून कुठं निघालायसा?" लोक थांबत, हसत. त्यांचा दिवस त्यावर निघे.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली चौकटीला वाळवी लागली. गल्लीतील इलाही सुतार म्हणाला, "नुसती झडपं बदलून भागायचं न्हाय. सबंध चौकटच काढाय पायजे." त्याने नवी सागवानी चौकट आणून दारात टेकविली आणि यल्लव्वांच्या सुनेला, अंजनाला, बजावले, "बसवून बघतो, मग पूजा करा." परंतु मुहूर्त टळू नये म्हणून अंजनाने हळदकुंकू लावून नारळ फोडलासुद्धा.

जुनी चौकट निघाली तेव्हा गिलाव्याआड एका बाजूला पुढे आलेला, हलविता न येणारा घडीव दगड दिसला. त्यामुळे नवी चौकट दोन बोटे जास्त रुंद ठरली.

"करवत लावायची न्हाय हां! पूजलेलं लाकूड हाय त्ये," अंजना म्हणाली.

"वैनी, मी काय सांगितलंतं?"

"मग माप तरी नीट घ्यायचं की!"

माप गिलाव्यावरून घेतले होते, ही चूक इलाहीचीच होती. शिवाय दुसऱ्याच्या पूजेपुढे हट्ट कसा धरावा? त्याने पहार उचलली आणि दुसऱ्या बाजूची भिंत फोडू लागला. तोच वरच्या विटा कोसळल्या. बाळासोने आणि त्याने बाज ओढली, तरी दोन विटा यल्लव्वांच्या उजव्या पायावर पडल्याच. पाय सुन्न असल्याने त्यांना काही कळले नाही. रक्त पाहून अंजनाच रडू लागली.

इलाहीने घाईने भिंतीला टेकू दिले.

बाळासो ओरडला, "बुजवा त्ये भोक! उद्या गवंडी आणतो. उजेडाबिगर अव्वा मरत न्हाय, भिंतीखाली मात्र मरंल!"

अव्वाला, म्हणजे त्याच्या आईला, मात्र कोणी विचारले नाही. यल्लव्वा धुळीतून गल्लीकडे पाहत होत्या. उद्यापासून तेथे भिंत दिसेल, आणि आपण जिवंत आहोत हे कोणाच्या ध्यानातही राहणार नाही, असे त्यांना वाटले. इलाही हत्यारे गोळा करावयास वाकला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने त्याचे मनगट धरले.

"इलाही, लाव करवत. पाप लागलं तर मला लागंल. माझी खिडकी तेवढी बुजवू देऊ नको, बाबा."