कलिंगडाची वकिली

कलिंगड सर हे नाव मुलांनी ठेवलेलं. ते आपल्याला शोभतं, असं सर स्वतःच आरशात पोटाकडे बघून कबूल करत. नववीला अणूची रचना शिकवताना त्यांची एक खोड होती: जुना सिद्धांत शिकवायचा तो त्याचा वकील होऊन. थॉमसनची पाळी आली की ते खरंखुरं कलिंगड वर्गात चिरत आणि छातीठोकपणे सांगत, "अणू असाच. गर म्हणजे धनप्रभार, बिया म्हणजे इलेक्ट्रॉन. शंका असेल त्याने उभं राहावं." उभा राहील त्याला वादात चीतपट करत आणि वर एक फोड देत. दुसऱ्या दिवशी तोच अणू स्वतः मोडून काढत. सोन्याच्या पातळ पत्र्यावर मारलेले कण बहुतेक आरपार गेले, मोजके मात्र उलटे फिरले; म्हणजे मधोमध काहीतरी घट्ट आहे आणि बाकी सगळं मोकळं. "कुणाच्या शब्दावर जाऊ नका, माझ्यासुद्धा," हे त्यांचं पालुपद. मुलं माना डोलावत. तोंडात फोड असताना कोण नाही डोलावणार, हेही सरांना कळत होतं.

यंदा वकिली इतकी रंगली की घसा बसला, पाठोपाठ ताप आला आणि अणू मोडून काढायचा तास राहूनच गेला. सर अंथरुणात असतानाच चाचणी झाली. अख्ख्या वर्गाने एकमुखाने लिहिलं, अणू कलिंगडासारखा असतो.

मुख्याध्यापिका बाईंनी बोलावून घेतलं. "सर, पुढच्याच पानावर बरोबर उत्तर होतं. एकानेही पान उलटू नये?"

"माझंच चुकलं, बाई. इतकं चांगलं शिकवायला नको होतं."

बाई हसल्या नाहीत. त्याचं सरांना फारसं वाटलं नाही, बोलणी त्यांच्या अंगवळणी पडली होती. पण त्याच वर्गात सरांची धाकटी लेक होती, आणि तिलाही त्या प्रश्नात भोपळा मिळाला होता. आता ती आपल्यावर पुन्हा विश्वास ठेवील का, ही धास्ती घेऊनच ते घरी आले.

जेवताना त्यांनी चाचरत विचारलं, "तू तरी पुस्तक उघडायचं होतंस गं."

"उघडलं होतं की, बाबा. त्यात वेगळंच होतं. तुम्हाला विचारणार होते, पण तुम्ही तापात होतात."

"मग?"

"मग मला वाटलं, पुस्तकच चुकलंय."

सरांना एकदम भरून आलं. इतका भरवसा त्यांच्यावर बायकोनेही कधी टाकला नव्हता. पाठोपाठ लाजही वाटली. "चुकलो गं मी, बाळा," ते म्हणाले.

"असू दे." तिने शांतपणे भात वाढून घेतला. "यापुढे तुम्ही काहीही सांगितलंत तरी मी आधी पडताळून बघणार."

इतकी वर्षं घसा फोडून सर हेच तर शिकवत आले होते. आज पहिल्यांदा ते कुणीतरी शिकलं होतं, आणि सरांना ते मुळीच आवडलं नाही.