घागरींची राखण

लातूरच्या सरकारी दवाखान्यात तारामतीबाईला तारामती म्हणून कुणी ओळखत नव्हतं. डॉक्टर आयाबाई म्हणायचे, बाळंतिणी आयाबाई म्हणायच्या, आणि पहिल्या खेपेच्या पोरी तर कळा आल्या की स्वतःच्या आईला सोडून आयाबाईलाच हाका मारायच्या. सगळा जन्म असा हाकेला ओ देण्यात गेला. मग एक दिवस शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन दवाखान्यानं तिला घरी पाठवलं. आता जिला कुठंच वेळेवर जायचं नव्हतं तिला घड्याळ कशाला दिलं, ते देणाऱ्यांनाच ठाऊक.

नवऱ्यानं, ज्ञानोबानं, मरायच्या आधी गावाबाहेर दीड खोलीचं घर बांधून ठेवलं होतं. लातूर नवा जिल्हा झाला होता. कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागून बाबू आले, आणि बाबूंच्या मागून त्यांच्या म्हाताऱ्या आया आल्या. माळावर भराभरा घरं उठली, पण शेजारी कोण राहतंय हे एकमेकाला ठाऊक नव्हतं. तारामतीबाई पहाटं उठायची, बुद्धवंदना म्हणायची, अंगण झाडायची. तवर ऊनही वर आलेलं नसायचं. पुढं दिवसभर काय करावं? हाक मारणारं कुणी नाही, म्हणून ती भांडीच परत घासायची.

लेक यशवंत देगलूरला शाळेत कारकून होता. महिन्याकाठी यायचा आणि दर खेपेला तेच विचारायचा.

“माय, तुझं इथं हाय कोण?”

“घर हाय की,” ती म्हणायची. पण तो गेला की तिलाही वाटायचं, पोरगं खोटं काय बोललं? कुणी आपलं म्हणणारं नसंल तर भिंती धरून किती दिवस बसणार? देगलूरला गेलं की नातवंडं होती. पण तिथं ती यशवंताची आई होऊन एका कोपऱ्यात बसली असती. तिला तिचं स्वतःचं काहीतरी हवं होतं, आणि ते काय हे तिला सांगता येत नव्हतं.

मग दुष्काळ आला. पहिल्या साली हापशी खडखडली, दुसऱ्या साली तिचा दांडा नुसता हवा ओढायला लागला. वस्तीवर टँकर यायला लागला. टँकरवाला वीरण्णा उदगीरकडचा, अर्धं कानडी बोलणारा, आणि उन्हाला भारी भिणारा. अख्ख्या वस्तीत दाट सावलीचं झाड एकच, तारामतीबाईच्या दारातला लिंब. त्यानं टँकर तिथं लावला, आणि रांगही तिथंच लागली.

रांग म्हणजे बायांची नव्हे, घागरींची. टँकर कधी येईल याचा भरवसा नाही. म्हणून बाया सकाळीच घागर, हंडा, तेलाचा डबा, जे असंल ते नंबराला ठेवून घरी जायच्या. बाईच्या जागी तिची घागर उभी. मग बकऱ्या यायच्या, पोरं लाथा मारायची, आणि कुणाचा तरी हंडा आपल्या पायानं चालल्यागत मागून पुढं जायचा. त्यावरून दुपारी भांडणं.

तारामतीबाई ओट्यावर बसून बघत होती. थोड्याच दिवसांत तिला घागर बघून घर सांगता यायला लागलं. पोचा पडलेली कुणाची, गळ्याला लाल चिंधी कुणाची. एकीनं तिला दवाखान्यातली म्हणून ओळखलं, आणि बाया जाताना म्हणायला लागल्या, “आयाबाई, लक्ष ठिवा हं.” दवाखाना सुटल्यापासून पहिल्यांदा तिला कुणी आयाबाई म्हटलं. त्या दिवशी तिनं भांडी एकदाच घासली.

मग बाया सावलीला थांबायलाच लागल्या. कुणी डाळ निवडायला आणली. कुणी वाकळ शिवायला आणली, तर तिला चारी बाजूंनी हात लागले. तारामतीबाईनं ट्रंकेतली जुनी लुगडी काढून दिली. सासवांच्या कागाळ्या, सुनांच्या कागाळ्या, आणि दोघीही असल्या तर सरकारच्या कागाळ्या.

यात सगळ्यांत आधी येणारी आणि शेवटी उठणारी म्हणजे कोंडाबाई. मुखेडकडची, घरची मोठी शेती, लेक इथल्या कचेरीत लागला म्हणून आलेली. तिच्याइतकं शहराला कुणी कंटाळलं नव्हतं. तिचे आणि तारामतीबाईचे गुडघे एकाच बाजूचे दुखायचे, त्यामुळं बोलणं सरत नव्हतं. पण कोंडाबाई बसायला आपलं पोतं घरून आणायची, आणि कितीही तहान लागली तरी तारामतीबाईच्या माठाकडं बघायची नाही.

तारामतीबाईला ते कळत होतं. जन्म त्यातच गेला, न कळायला काय झालं? म्हणून ती घागरींची राखण करायची, पण कुठल्या घागरीला हात लावत नव्हती. बकरी तोंडानं हाकलायची, आणि रांग वाकडी झाली तर जिची घागर तिलाच हाक मारायची. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

असं बरं चाललं होतं. एक दिवस टँकर अर्धाच भरून आला. बायांची धांदल उडाली. तेवढ्यात कोंडाबाईची सून येताना दिसली, भरल्या दिवसांची. हात कमरेवर, ओठ दातात धरलेला, पाऊल एकेक जपून टाकत होती. तारामतीबाईनं ती चाल आयुष्यभर बघितलेली. दवाखान्यात रांग म्हणजे रांग, पण जिला कळा लागल्या तिला आयाबाई दंडाला धरून सरळ आत न्यायची. त्या वेळी ती डॉक्टरलाही विचारत नव्हती.

ती तशीच उठली. त्या दिवशी उशिरानं शेवटाला लागलेली कोंडाबाईची घागर दोन्ही हातांनी उचलली आणि नळीखाली धरली. “आधी ही भर,” वीरण्णाला म्हणाली. “पोरीला कळा लागल्यात.”

रांगेतल्या बाया ओरडणार होत्या, त्या बाजूला सरकल्या. सून जवळ आली आणि लाजून लाल झाली.

“न्हाई ओ आयाबाई. चपलीचा अंगठा तुटलाय. पाय भाजून राहिलाय.”

सगळा लिंब हसला. तारामतीबाईही हसणार होती, पण मागं कोंडाबाई उभी होती. तिनं सुनेकडं बघितलं नाही. घागरीच्या गळ्याला अजून तारामतीबाईचे हात होते, तिकडं बघितलं. मग घागर ओढून घेतली आणि सगळं पाणी रस्त्यावर ओतून दिलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत मातीनं ते पिऊन टाकलं.

“रांग मोडून घेतलेलं पाणी आमच्या घरात चालत न्हाई,” कोंडाबाई म्हणाली.

रांगेचं बोलणं नव्हे हे, ते तिथल्या प्रत्येकीला कळलं. तारामतीबाई घरात गेली आणि दार लावून घेतलं.

त्या सांजंला सून मागच्या दारानं आली, चपलीला सुतळी बांधून. घरात घोटभर पाणी नव्हतं. तारामतीबाईनं आपल्या एकटीच्या रांजणातून घागर भरून दिली. रात्रीच्या जेवणाला कोंडाबाई तेच पाणी प्याली. कुठून आणलं, हे तिनं सुनेला विचारलं नाही. अर्ध्या टँकरच्या दिवशी भरली घागर देणारं घर वस्तीत एकच होतं, आणि कोंडाबाई काही खुळी नव्हती.

दुसऱ्या दिवशी तारामतीबाईनं देगलूरच्या एसटीनं जाणाऱ्या एका ओळखीच्याकडं निरोप धाडला, मला न्यायला ये म्हणून. दार काही उघडलं नाही. बायांनी कडी वाजवली, तर डोकं दुखतंय म्हणाली. वाकळ अर्धी शिवलेली तशीच ओट्यावर गुंडाळून पडली. रांगेत हंडे पुन्हा पायानं चालायला लागले. वीरण्णासुद्धा टँकरवरून उतरला की विचारायचा, “आयाबाई यल्ली हो? कुठं गेली?” कोंडाबाई आपलं पोतं काखेत मारून यायची, बंद दार बघायची आणि तशीच परत जायची.

रविवारी यशवंत आला. ट्रंक रिक्षात चढली, घड्याळ वाकळीच्या तुकड्यात गुंडाळलं. तारामतीबाई कुलूप घालणार, एवढ्यात कोंडाबाई रिकामी घागर घेऊन आली. रिक्षा बघितली, ट्रंक बघितली. चुकलं म्हणायची सवय तिला नव्हती, ती रागं भरायलाच लागली.

“आयाबाई, दार लावून बसलाव तं रांगंकडं कोण बघंल? माझ्या घागरीत बकरीनं तोंड घातलं.”

तारामतीबाई कुलूप हातात घेऊन उभी. कोंडाबाईनं घागर तिच्यापुढं धरली.

“घ्या. ठिवा नंबराला.”

“माझ्या हातानं?”

“मंग काय पायानं?”

तारामतीबाईनं कुलूप ओट्यावर ठेवलं. मग घागर घेतली आणि रांगेत ठेवून आली. परत येऊन बघते तर कोंडाबाई ओट्यावर नुसत्या फरशीवर टेकलेली. पोतं आणलंच नव्हतं. “पाणी द्या घोटभर,” ती म्हणाली, “ऊन लई हाय.” माठातून भरून दिलेला तांब्या तिनं तोंडाला लावला आणि खाली ठेवला तेव्हा तो रिकामा होता.

यशवंत शिकलेला होता, पण त्या दिवशी त्यानं काही विचारलं नाही. रिक्षातली ट्रंक त्यानं स्वतःच उतरवून घरात नेली.

सुनेला पुढं खरोखर कळा लागल्या, तेव्हा दंडाला धरून न्यायला आयाबाईच होती, आणि तेव्हा चप्पल धड होती. पुढच्या वर्षी पाऊसही झाला आणि वस्तीवर घरोघर नळ आले. ज्या दिवशी नळाला पाणी सुटलं, त्या दुपारी लिंबाखाली एकही घागर नव्हती. तारामतीबाई एकटीच ओट्यावर वाकळीला टाके घालत बसली. पाणी आलं म्हणून तिलाही बरं वाटत होतं, तरी नजर रस्त्याकडं जात होती.

ऊन कलायच्या आधीच कोंडाबाई आली, कडेवर नातू, काखेत सुईदोऱ्याची पिशवी.

“नळ आला न्हवं घरात?” तारामतीबाईनं विचारलं.

“हाव, आला,” कोंडाबाई बसता बसता म्हणाली. “सकाळपासून बडबडून राहिलाय. पर त्याचे गुडघे दुखत न्हाईत, त्याच्याशी काय बोलावं?”

तिनं नातू आयाबाईच्या मांडीवर दिला आणि वाकळीचं दुसरं टोक आपल्याकडं ओढून घेतलं. गल्लीच्या तोंडाशी आणखी दोघीतिघी येताना दिसत होत्या.