चोवीस तासांचा कॅन

आमच्या घाटघरला आषाढात पाऊस असा कोसळतो, की खेकडे दारात येऊन छत्री मागतात. त्याच पावसात बायकोची चोवीस तासांची लघवी एका कॅनमध्ये गोळा करायची होती. तिला ल्युपस. यात शरीर स्वतःच्याच अवयवांवर उठतं, असं पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं. त्यांना तिच्या किडनीची धास्ती. रक्ताचे दोन रिपोर्ट वाईट आले होते. आता लघवीतून प्रोटीन किती जातंय, त्यावर औषध वाढवायचं की नाही ते ठरणार होतं. "थेंबसुद्धा सुटता कामा नये," बाई म्हणाल्या.

नेमकी त्याच दिवशी सावड. म्हणजे आज आम्ही तुमच्या खाचरात भात लावायचा, उद्या तुम्ही आमच्या. जो जाणार नाही, त्याच्या बांधावर कुणी फिरकत नाही.

"कॅन घेऊन जा," मी म्हणालो.

"आन् बाया काय म्हणतील? कॅनमधी ताक आणलंय का?" ती तशीच गेली.

दुसऱ्या सकाळी कॅनच्या तळाला जेमतेम तांब्याभर. डॉक्टरीणबाई चिडल्या की दवाखान्याचे पंखे आपोआप थांबायचे, आईशप्पथ! आणि मी तर एका धारेत वणवा विझवणारा गडी. तीन तांबे पाणी ढोसलं, ती चुलीपाशी असताना कॅन मागच्या दारी नेला, भरला आणि तिनं बघायच्या आत झाकण लावून पिशवीत घातला.

रिपोर्ट झकास आला. बाईंनी दोनदा वाचला. "रक्त एक सांगतंय, लघवी दुसरंच. सगळी धरली होती ना?"

"हो," बायको म्हणाली.

"थेंब सुटला नाही," मी म्हणालो.

औषध तेवढंच राहिलं. महिन्याने या, म्हणाल्या.

महिना भरायच्या आत तिचा चेहरा इतका सुजला, की सकाळी डोळे उघडेनात. पायावर बोट दाबलं की खळगा तसाच राही. पुण्यात सुई घालून किडनीचा तुकडा तपासला. बराच भाग गेला होता, आणि गेलेला परत येत नाही म्हणे.

तेव्हा मी सांगितलं. बाई चिडल्या नाहीत, नुसत्या लिहीत राहिल्या.

बाहेर बायको बाकावर टेकली. मग म्हणाली, "मीबी खोटंच बोलले. पर तुमी मला तरी सांगायचं व्हतं. दुसऱ्या दिशी घरी बसून परत भरला असता मी."