उलटा करून गुणायचं

सराव पाठाला आम्ही प्राध्यापक शेवटच्या बाकावर बसतो. गुडघे वर येतात आणि फळा फार लांब वाटतो. आज आठवीच्या त्या वर्गात फळ्याशी मानसी होती, आमच्या बीएस्सी-बीएडच्या शेवटच्या वर्षाची, गणितात कायम पहिली. तिने अपूर्णांकांचा भागाकार सफाईने सोडवून दाखवला. दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं.

खिडकीजवळची एक मुलगी उठली. "बाई, पण उलटा का करायचा?"

नव्या बाईंना त्रास द्यायचा नाही, असं वर्गशिक्षिकेने सकाळीच बजावलेलं. मानसीने हातातला खडू मोडला. "एका खडूत अर्धे तुकडे किती? दोन."

"ते कळलं. पण दोन तृतीयांशाने भागायचं असलं तर?"

खडूचे तुकडे मुठीत धरून मानसी फळ्याकडे वळली. तिने दोन तृतीयांश लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. या पोरीने माझ्या तासाला अनंत संचांवरची प्रमेयं न अडखळता सिद्ध केली आहेत. माणसाला गच्चीवर नेऊन ठेवायचं आणि जिना दाखवायचाच नाही, आणि वर तोरा मिरवायचा आम्ही!

"उद्या सांगते," मानसी म्हणाली.

"पण उद्या तुम्ही नसणार ना, बाई?"

नसणारच. तिचा या शाळेतला हा शेवटचा पाठ. उद्या ती माझ्या वर्गात बसेल, आणि तिथे हा प्रश्न कुणीच विचारत नाही.