चिंचेने घासलेली बुधली

दीपगृहात राहायला गेलो होतो म्हटलं की लोकांना वाटतं, आम्ही रोज दिवा लावत होतो. दिवा आपोआप लागतो आणि आपोआप विझतो. त्याच्या खोलीला कुलूप असतं आणि किल्ली तटरक्षक दलाकडे. स्वयंसेवकांनी करायचं ते बाकीचं सगळं. सकाळी जिना झाडायचा, काचांवर चिकटलेले किडे पुसायचे, संडास धुवायचे, दहाला दार उघडायचं आणि पाचपर्यंत येतील त्यांना वर नेऊन खाली आणायचं. त्या बदल्यात राखणदाराच्या जुन्या घरातली एक खोली आणि स्वयंपाकघर दोन आठवडे आपलं.

अर्ज केला तेव्हा माझी एकवीस वर्षांची नोकरी जाऊन चार महिने झाले होते. पार्सिपनीच्या आमच्या घरात आवरण्यासारखं काही उरलं नव्हतं. नवऱ्याने फॉर्म वाचला. "अगं, म्हणजे मी सुट्टी टाकून मिशिगनला संडास धुवायला यायचं?" आला. दोन दिवस ड्राइव्हही त्यानेच केलं.

आमची प्रमुख सत्तरीची, निवृत्त शिक्षिका. गावात राहायची, रोज सकाळी यायची. पहिल्याच दिवशी तिने छापील यादी हातात दिली. "यादीत आहे ते करायचं. नाही ते करायचं नाही." मला अशी माणसं आवडतात.

कामही आवडलं. चौथ्या दिवशी लक्षात आलं की मी गजराशिवाय सहाला उठतेय. पाहुणे हमखास विचारायचे, इथे भूत आहे का? नवरा गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "होतं. हिने लसणाची फोडणी दिली, त्या दिवशी सोडून गेलं."

सोमवारी दीपगृह बंद. नवरा किराणा आणायला गेला होता आणि मी आमटीसाठी चिंच भिजत घातली होती. पुढच्या खोलीत टेबलावर लांब चोचीची पितळी बुधली मांडलेली होती. पूर्वीचे राखणदार तिच्यातून दिव्यात तेल ओतायचे. घरातलं बाकी सामान कुठून कुठून आणलेलं, बुधली तेवढी इथलीच. आणि ती काळीकुट्ट झालेली. आमच्या घरी पाहुणे येणार असले की समई, ताम्हण, तांब्या असं काळं ठेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी एका सहलीचे लोक येणार होते. मी चिंचेचा कोळ आणि मीठ घेतलं. दहा मिनिटांत बुधली सोन्यासारखी झाली. पुसून जागेवर ठेवली आणि स्वतःवर खूश होऊन आमटीकडे वळले.

मंगळवारी सकाळी प्रमुखबाई त्या टेबलासमोर थांबली.

"हे कोणी केलं?"

"मी."

"कशाने?"

फ्रिजमधून उरलेला कोळ आणून दाखवला. तिने वास घेतला. "म्हणजे आम्ल." आणि ज्या खुर्चीवर पाहुण्यांना बसायची बंदी होती तिच्यावरच ती बसली. मग शांतपणे समजावलं. तो काळा थर हेच बुधलीचं वय होतं. एकदा गेला की तसाच परत येत नाही, आणि आम्लाने धातूही झिजतो.

"यादीत होतं का हे?"

"नाही."

बुधली शेवटच्या राखणदाराच्या नातीची होती, तिने ती फक्त लोकांना बघण्यासाठी मांडायला दिली होती. "फोन तू कर," प्रमुखबाई म्हणाली. "तिने बुधली परत नेली, तर मला तुम्हाला इथे ठेवता येणार नाही."

मी तिच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. नोकरी गेल्यापासून जो तो मला सांगत होता, यात तुझी काही चूक नाही. ही चूक माझीच होती, सरळ माझी. ती निस्तरायची होती. आणि मला घरी जायचं नव्हतं.

"मी करू का फोन?" नवरा म्हणाला.

"काय सांगशील?"

"बायको आजारी आहे म्हणून."

फोन मीच केला. पलीकडून एवढंच आलं, "येते."

नात दुपारी तीनला आली. ऐंशीच्या पुढची, काठी टेकत. नवरा सहलीच्या लोकांना घेऊन वर गेला. तिने बुधली उचलली आणि उलटी केली.

"बूड राहिलं," ती म्हणाली. "आजी बुडापासून सुरुवात करायची. दर शनिवारी, व्हिनेगर आणि राख. दीपगृहाचा तपासनीस पांढरे हातमोजे घालून यायचा. ही काळी झाली ती माझ्या तळघरात."

"तरी धातू झिजतोच," प्रमुखबाई म्हणाली.

"झिजतो." तिने चोचीखाली बोट फिरवलं. "इथे अंगठ्याचा डाग होता. कोणाचा ते माहीत नाही. मला आवडायचा."

"माफ करा," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली. चालायचंच, असं काही म्हणाली नाही, आणि त्याबद्दल मला तिचा आदर वाटला. बुधली तिने टेबलावर ठेवली, थोडी सरळ केली. "इथेच राहू दे. पण शेजारी कार्डावर लिहा, कोणी घासली आणि कशाने."

प्रमुखबाईने तिथल्या तिथे कार्ड टाइप केलं. यादीत खाली एक ओळ वाढली: पितळ घासू नये. उरलेले दिवस मी प्रत्येक गटाला बुधलीची गोष्ट स्वतः सांगितली, डागासकट. दोघींपैकी कोणी मला धीर दिला नाही, कोणी पुन्हा टोचूनही बोललं नाही. अनोळखी माणसांनी इतक्या सरळपणे वागवलं, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

त्या मंगळवारी संध्याकाळी निघताना प्रमुखबाई दारातून म्हणाली, "उद्या शाळेच्या दोन बस साडेनऊलाच येतायत. लवकर उघडावं लागेल."

दुसऱ्या दिवशी मी साडेसातलाच जिना झाडायला घेतला.