लक्ष्मीपूजनातले दोन डॉलर

क्वीन्सटाउनमधल्या जुन्या ब्लॉकमध्ये राहणाऱ्या पांडुरंग केळुसकरांकडे कुणी चहाला गेलं, की कप रिकामा व्हायच्या आत टेबलावर चांदीचे दोन अमेरिकन डॉलर यायचे. दोन्ही १८८६ सालचे, दोन्ही फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतले. एका बाजूला डावीकडे पाहणारी बाई, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड. प्रत्येक डॉलर प्लास्टिकच्या पारदर्शक गोल डबीत आणि दोन्ही डब्या निळ्या मखमलीच्या पेटीत शेजारी शेजारी.

"यातलं प्रूफ कुठलं, सांगा," असं पांडुरंग म्हणायचे. पाहुणा बहुधा चुकायचा. मग पांडुरंग खुर्ची पुढे सरकवायचे आणि समजावून सांगायला लागायचे. व्यवहारात चालणारं नाणं ठशाच्या एका घावात पडतं, खालच्या पेटीत घरंगळतं आणि हजार भावंडांबरोबर पिशवीतून बँकेत जातं. प्रूफ नाणं मात्र संग्राहकांसाठी मुद्दाम पाडलेलं. त्याचा ठसा आरशासारखा घासतात, चांदीची चकतीही घासतात, दाब सावकाश आणि पुन्हा देतात, आणि तयार नाणं हाताने उचलतात. कधी कधी साधं नाणंही नव्या ठशातून इतकं सुरेख उठतं, की भलेभले फसतात. पेटीतला दुसरा डॉलर तसा होता.

"पाहुण्याला भूक लागली तरी ह्यांच्या गरुडाची पिसं मोजून होत नाहीत," आशालताबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या. पण त्यांच्या बोलण्यात तक्रार नसायची. बाल्टिमोर बंदरात जहाज दुरुस्तीला थांबलं होतं, तेव्हा पांडुरंगांनी ते दोन डॉलर एका म्हाताऱ्या दुकानदाराकडून घेतले होते. त्या फेरीत त्यांनी बायकोसाठी काहीच आणलं नाही, हे आशालताबाई विसरल्या नव्हत्या. पण घरी आल्यावर नवऱ्याने पहिल्यांदा पेटी उघडली ती आपल्यासमोर, हेही त्या विसरल्या नव्हत्या.

जहाजावरची नोकरी संपली, तरी चीफ इंजिनियरच्या सवयी राहिल्या. पांडुरंग नळ बंद केल्यावर पुन्हा हात लावून पाहत. वर्तमानपत्राची घडी काटकोनात घालत. सुनेशी मोजकं बोलत. ऋता मार्चमध्ये पुण्याहून लग्न होऊन आली. सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली, इथल्या एका कंपनीत तिला नोकरी होती. स्वतःचा फ्लॅट मिळेपर्यंत ती आणि तिचा नवरा यश याच घरात राहत होते. सासरे रागीट नाहीत, हे तिला कळलं होतं. पण त्यांच्या मनात काय चाललंय ते तिला कधी कळत नसे, आणि त्यामुळे ती त्यांच्यासमोर जरा जपूनच वावरायची.

दिवाळीच्या तोंडावर पांडुरंगांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डाव्याचं महिनाभराने व्हायचं होतं. डॉक्टरांनी वाकायचं नाही, डोळे चोळायचे नाहीत असं बजावलं होतं. लांबचं बरं दिसत होतं, जवळचं सगळं धुकट. आणि दिवाळीनंतरच्या शनिवारी शहरातल्याच तोआ पायोहला नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळात त्यांना बोलायचं होतं. विषय त्यांनीच दिला होता : प्रूफ डॉलर आणि उत्तम उठलेला साधा डॉलर, फरक कसा ओळखावा. दोन्ही नाणी डबीतून काढून सगळ्यांच्या हातात देणार, असं त्यांनी कबूल केलं होतं. इतकी वर्षं त्यांनी ती कुणाच्या हातात दिली नव्हती.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आशालताबाई अनारशांच्या कढईपाशी होत्या. त्यांनी ऋताला सांगितलं, "कपाटात वरच्या फळीवर चांदीची नाणी आहेत, ती ताम्हनात काढून ठेव." त्यांच्या मनात होती पुण्याच्या सराफाकडची, लक्ष्मीचं चित्र असलेली नाणी. ती होती लाल पिशवीत, निळ्या पेटीच्या मागे. ऋताच्या हाताला आधी पेटी लागली. पाहुण्यांच्या चहाच्या वेळी ती स्वयंपाकघरात असायची; डॉलरबद्दल तिने नुसतं ऐकलं होतं, ते पाहिले कधी नव्हते.

डब्या पाहून तिला नवल वाटलं नाही. हल्ली सराफ नाणी अशीच देतात. पण प्लास्टिकवर दूध घालून अभिषेक कसा करायचा? तिने डब्या उघडल्या. दोन्ही नाण्यांवर काळपट, निळसर झाक चढली होती; त्याखालचा बाईचा चेहरा तिला लक्ष्मीचाच वाटला. काळवंडलेली चांदी देवापुढे ठेवायची नाही, हे तिने आईकडे लहानपणापासून पाहिलं होतं. दिवाळीच्या आधी घरातली सगळी चांदी टूथपेस्ट लावून लख्ख व्हायची. एक नाणं तिने बोटाने चांगलं घासलं. दुसरं हातात घेतलं तोच बेल वाजली, यश अंघोळीला गेलेला, दारात शिरीषकाका. तिने दुसरं नुसतं पाण्याखाली धरून पुसलं आणि दोन्ही ताम्हनात ठेवून दार उघडलं.

शिरीष पांडुरंगांबरोबर एका बोटीवर होते. नाण्यांतलं त्यांना काही कळत नव्हतं, पण त्या दोन डॉलरची कथा इतक्यांदा ऐकली होती की अर्धी पाठ होती. पूजा झाली, आरती झाली, दुधाखालच्या नाण्यांकडे कुणी निरखून पाहिलं नाही. हळदकुंकू आणि फूल वाहायला ते पुढे वाकले आणि थबकले.

"पांड्या, अरे हे काय! तुझ्या बायका दुधात पोहतायत!"

"कोण बायका?" आशालताबाई म्हणाल्या.

"वहिनी, अमेरिकेच्या. ह्याच्या पेटीतल्या. आम्हाला श्वाससुद्धा सोडू देत नाही त्यांच्यावर, आणि इथे पंचामृत?"

पांडुरंगांनी हात पुढे केला. एक नाणं कडेने उचललं, अंगठ्याने खाचा चाचपल्या आणि परत ठेवलं. ऋताला ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"बाबा, मी... काळी पडली होती म्हणून एक घासलं. टूथपेस्टनं."

"कुठलं?"

"माहीत नाही. म्हणजे, जे चमकतंय ते. पण ते कुठलं होतं, मला नाही माहीत."

"मग सोपं आहे," शिरीष म्हणाले, "चमकतंय ते प्रूफ. मिटलं."

"तुझ्यासारख्यांमुळेच मला बोलावं लागतं," पांडुरंग म्हणाले.

"बाबा, चिल लाह," यश इथल्या बोलीत म्हणाला, "काढून ठेवू या, उद्या बघू." आईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला. मग आशालताबाई स्वतःशीच म्हणाल्या, "लाल पिशवी म्हणायला हवं होतं मी." फराळाला बसले तेव्हा ऋताने चकलीचा एक तुकडा मोडला आणि तसाच ठेवला.

प्रूफ नाण्याचा आरसा घासला, की त्यावर बारीक रेघा पडतात आणि त्या कधीच जात नाहीत. हे सांगायची गरज नव्हती. पांडुरंग ते प्रत्येक चहाला सांगत.

सकाळी पांडुरंगांनी टेबलावर दिवा लावायला सांगितला, मऊ कापड पसरायला सांगितलं आणि आपलं भिंग ऋताच्या पुढे सरकवलं.

"मला दिसणार नाही. तू बघ."

"मी?"

"दुसरं कोण? यशला स्वतःचे मोजे सापडत नाहीत."

ऋता बसली. भिंग डोळ्याला लावण्याआधी तिने एक अट घातली. "बाबा, प्रूफचं काय असतं ते आधी सांगू नका. तुम्ही नुसतं विचारा, मी दिसेल ते सांगते. नाहीतर मला हवं ते दिसेल." ऑफिसात ती असंच करायची.

पांडुरंगांनी मान वर केली. "बरं. चकाकीकडे बघू नकोस. ती एकाची तू केली आहेस. कडेपाशी ये. कड जिथे संपते आणि सपाट भाग सुरू होतो, तिथे काय दिसतं?"

"घासलेल्याला... कड भिंतीसारखी सरळ उभी आहे. वर सपाट, कोपरा टोकदार. दुसऱ्याची कड थोडी गोलसर उतरते."

"घाई करू नकोस. कानावरचे केस?"

"दोन्हीकडे सुटे सुटे दिसतात."

"दिसणारच. दुसरं मी मुद्दाम चांगलं उठलेलं घेतलंय. गरुडाची छाती?"

"दोन्ही सारखीच म्हणेन मी."

"आता कडेला आतून बारीक दात आहेत."

बराच वेळ ती नाणं तिरपं करत राहिली. "घासलेल्याचे दात एकेक वेगळे आहेत, मुळापर्यंत. न घासलेल्याचे काही ठिकाणी बोथट."

पांडुरंगांनी हात मांडीवर ठेवले होते.

"शेवटचं. बाईचा गाल."

न घासलेल्या गालावर दोन लहान टोचे होते, दुसरं नाणं आपटल्यासारखे. पिशवीतून गेलेल्या नाण्याची ती खूण, हे ऋताने या सात-आठ महिन्यांत चहाच्या वेळी स्वयंपाकघरातून किती तरी वेळा ऐकलं होतं. तिला उत्तर कळलं. आणि हेही कळलं, की समोर बसलेल्या माणसाला महिनाभर तरी जवळचं काही दिसणार नाही; ती काय सांगेल तेच खरं ठरेल. दिव्याची काच तापली होती. स्वयंपाकघरात आशालताबाईंनी भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"घासलेल्या गालावर टोचे नाहीत," ऋता म्हणाली. "रेघा आहेत. बारीक, गोल गोल. माझ्या बोटाच्या." आणि मग, "ते प्रूफ आहे, बाबा. मी प्रूफच घासलं."

पांडुरंगांनी काळा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"बाल्टिमोरहून आणताना," ते म्हणाले, "मी ते इंजिनरूममध्ये नाही, केबिनमध्ये ठेवलं होतं. तेलाचा वास लागेल म्हणून." मग त्यांनी विचारलं, "कड शाबूत आहे ना?"

"आहे. घासून झिजली असेल का?"

"टूथपेस्टनं कड झिजत नाही. ठशानं दिलेलं आहे ते. प्रूफ म्हणजे नाणं किती जपलं ते नव्हे, ऋता. ते कसं पाडलं, ते. ओरखडे पडले म्हणून ते साधं होत नाही आणि दुसरं कितीही जपलं म्हणून प्रूफ होत नाही. संग्राहक नाक मुरडतील. मुरडू देत." त्यांचा आवाज नेहमीसारखा होता, पण तिचं नाव त्यांनी पहिल्यांदाच असं बोलण्याच्या ओघात घेतलं होतं. "शनिवारी तुला काय काम आहे?"

शनिवारी तोआ पायोहला पांडुरंग बोलले आणि ऋताने नाणी दाखवली. शिरीष पहिल्या रांगेत बसले होते, कारण तिथे पंखा होता. पांडुरंगांनी नेहमीचाच प्रश्न विचारला, आणि मंडळातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी न घासलेल्या, निळसर झाक असलेल्या डॉलरकडे बोट दाखवलं. घासलेलं नाणं म्हणजे बिघडलेलं, आणि बिघडलेलं ते प्रूफ कसं असेल, असा त्यांचा हिशोब होता. ऋताने भिंग फिरवलं आणि कड बघायला सांगितली. एका वयस्कर चिनी गृहस्थांनी बराच वेळ पाहिलं आणि हळहळून विचारलं, हे कुणी केलं?

"घरी पूजा होती," पांडुरंग इंग्रजीत म्हणाले, आणि पुढच्या माणसाकडे वळले.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी स्वतः भिंग घेऊन त्या रेघा पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या. मग साधा डॉलर निळ्या पेटीत गेला आणि प्रूफ डबीसकट लाल पिशवीत, लक्ष्मीच्या नाण्यांबरोबर.

"अहो, ते पूजेत ठेवायचं?" आशालताबाईंनी विचारलं.

"दूध लागलंच आहे एकदा. दर वर्षी काढा." मग त्यांनी सुनेकडे पाहिलं. "फक्त काळं पडलं तर काळंच राहू दे."

"हो, बाबा," ऋता म्हणाली.

"आणि टूथपेस्ट मी लपवून ठेवते," आशालताबाई म्हणाल्या.