घणाखालची परीक्षा

"तुझंच आहे ना? मंग मार!" असं म्हणत मॅडम विद्यार्थ्याच्या हातात घण द्यायच्या आणि मागं सरून पदर खोचायच्या.

समोर टेबलावर त्या पोराची महिनोन्महिन्यांची मेहनत असायची. कुणी लाकडाचा पूल केलेला, कुणी तारांचा पक्षी. पोरगा रडकुंडीला यायचा. "काहून घाबरून राहिला? मार!" मग धाडकन आवाज व्हायचा आणि शेजारच्या वर्गातले मास्तर दार लावून घ्यायचे.

रायपूरच्या बाहेर, उरल्याच्या कारखान्यांचा धूर दिसतो तिथं आमचं कॉलेज. इंजिनिअरिंग आणि कला एकत्र शिकवणारा एक विषय आमच्या वरिष्ठांनी मोठ्या हौसेनं सुरू केला होता. मॅडम शिल्पकार. त्यांचं घराणं मराठ्यांच्या राज्यापासून इथलंच. मी पुण्याकडून आलेला, धातुशास्त्राचा. दोघांनी मिळून शिकवायचं ठरलं, पण या असल्या विषयात मार्क कशाचे द्यायचे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी रात्रंदिवस खपून तक्ते बनवले. मॅडमनी घण आणला.

नियम एकच. ज्यानं बनवलं त्यानंच फोडायचं. तुकडे मी तपासायचे, कुठून आणि का तुटलं ते सांगायचं. मॅडम पोरांचे हात बघायच्या.

"ज्याचा हात थरथरला नाही तो नापास," त्या म्हणायच्या. "त्यानं बनवलंच नाही सर, नुसतं जोडलं."

तुम्ही म्हणाल, हा काय रानटीपणा! मीही म्हणालो होतो. एका पोरानं तर आपलं काचेचं काम फोडल्यावर स्टूल उचलून मॅडमवरच भिरकावलं. त्या वाकल्या, स्टूल फळ्यावर आदळून मोडलं. मी त्या पोराची गचांडी धरली. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सोडा त्याले. नेम चुकला, पण राग खरा होता." त्याला पैकीच्या पैकी मिळाले. मला त्या दिवशी दोघांच्याही कानाखाली वाजवावीशी वाटली होती.

मग विषय चालू ठेवायचा की बंद करायचा हे ठरवायला समिती आली. मॅडमचा जीव त्या विषयात अडकलेला होता. नवरा गेल्यावर एवढंच उरलंय, असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. प्राचार्यांनी बजावलं की आज फोडाफोड नको, नुसतं प्रदर्शन मांडा. मॅडमनी घण खुर्चीच्या मागं ठेवला. "समोर नाही ठेवला, मागं ठेवला. झालं?" फोडायचं नव्हतं म्हणून डोळ्यांवर लावायचे चष्मेही कपाटातच राहिले.

भनपुरीच्या एका मुलीनं हात बनवला होता, बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, आमच्याच भट्टीत ओतलेला. तिचे वडील रोलिंग मिलमध्ये होते. त्यांची तीन बोटं यंत्रानं नेली होती, तसाच तो हात होता. समितीतल्या एका गृहस्थांनी तो निरखून पाहिला.

"बहुत सुंदर. उंगलियाँ बनाना रह गया क्या, बेटा?"

गृहस्थ हसले आणि सगळी समिती चहाकडे वळली. मुलीनं खुर्चीमागचा घण उचलला.

बीड वाकत नाही, फुटतं. हे मीच शिकवलेलं. पहिल्या घावाला हाताचे तुकडे उडाले. तरी ती मारतच होती, टेबलावर, फरशीवर, दात खाऊन. मी धावलो, पण त्याआधी मॅडमनी पुढं होऊन घण तिच्या हातातून हिसकून घेतला. समितीनं वळून पाहिलं तेव्हा घण मॅडमच्या हातात होता आणि त्यांच्या डाव्या डोळ्यातून रक्त वाहत होतं.

"किसने मारा?" प्राचार्य ओरडले. "जिसने मारा, वो आज ही बाहर!"

"मैंने..." मुलगी पुढं झाली.

"चूप!" मॅडम तिच्यावर कडाडल्या. "एक शब्द बोलली तं नापास करीन." मग प्राचार्यांकडं वळून म्हणाल्या, "मैंने मारा. आदत है मेरी."

प्राचार्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. धडधडीत खोटं होतं आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. मॅडमचा घण सगळ्या कॉलेजला माहीत होता, त्यामुळं कुणाला शंकाही आली नाही. विषय त्याच दिवशी बंद झाला. मॅडमना परत न येण्याचा निरोप प्राचार्यांनी माझ्या हातीच पाठवला.

समता कॉलनीतल्या डोळ्यांच्या दवाखान्याकडं गाडी नेताना मी समोरच्या ट्रकवाल्यांना शिव्या घालत होतो. मॅडमनी पदर डोळ्यावर दाबून धरला होता.

"ओरडून काहून राहिले सर? गाडी चालवा." थोड्या वेळानं म्हणाल्या, "पोट्टीले किती मार्क देऊन राहिले?"

"मॅडम, डोळा जाईल तुमचा!"

"जाऊ द्या. तिचा हात कसा थरथरला, ते पाहून घेतलं त्यानं."

डोळा गेलाच. संध्याकाळी मुलगी दवाखान्यात आली आणि दारातच उभी राहिली. आत यायची तिची हिंमत होईना. मॅडमनी पट्टी बांधलेला चेहरा तिच्याकडं वळवला.

"तिथं काहून उभी? इकडं ये, या बाजूले बैस. इकडं आता कोणीतरी लागीन मले."

ती त्यांच्या डाव्या बाजूला बसली आणि मग हमसून हमसून रडली. पुढं मॅडम बाजारात दिसोत की दवाखान्यात, डाव्या हाताला ती असायचीच. तिला पदवी मिळाली, नोकरी लागली, तरी रविवारी ती यायची.

गेल्या हिवाळ्यात मॅडम गेल्या. परवा ती मुलगी मला समता कॉलनीत दिसली. रस्ता मोकळा होता तरी ती एका कडेनं चालली होती, उजव्या हाताला एका माणसापुरती जागा सोडून.